गणित सुटलं, तारे सुटत नाहीत

(वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की निवृत्तीनंतर मी फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमांवर खगोलशास्त्र शिकते आहे. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. आधीच सांगते, माझ्याकडे खगोलशास्त्राची पदवी नाही. तीस वर्षं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांच्या परीक्षानळ्या फुटताना पाहिल्या आहेत, एवढाच अधिकार. त्यामुळे पुढची उत्तरं शिक्षिकेची नाहीत, एका वर्षानुवर्षं शिकत बसलेल्या विद्यार्थिनीची आहेत.

प्रश्न : बाई, मी इतिहास घेऊन बी. ए. केलं. गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आता वेळ आहे, रात्री गच्चीवर बसते, तारे बघते. पण खगोलशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर समीकरणं येतात. माझ्यासारखीला झेपेल असं काही फुकट आहे का?

आहे, आणि ते तुमच्याच विषयात आहे. ‘खगोलशास्त्राची ओळख’ अशा नावाचा अभ्यासक्रम शोधू नका. इतिहासाच्या दाराने आत जा.

मिलानच्या पॉलिटेक्निकचा ‘आर्किओॲस्ट्रॉनॉमी’ म्हणजे पुरातत्त्वीय खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आहे, जूलिओ माल्यी शिकवतात. जुन्या माणसांनी दगड रचताना आकाशाकडे कसं पाहिलं, हा त्याचा विषय. समीकरणं जवळपास नाहीतच, पण कोन, दिशा आणि ऋतू डोक्यात घट्ट बसतात. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज घ्या. सुमारे 5200 वर्षांपूर्वीची ही समाधी. दारावर एक छोटा झरोका ठेवलेला. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास, उगवत्या सूर्याची तिरीप त्या झरोक्यातून शिरते आणि लांबलचक बोळ ओलांडून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचते. काही मिनिटं खोली उजळते आणि मग पुन्हा वर्षभर अंधार. हा झरोका कशासाठी हे समजून घ्यायला निघालात, की सूर्य रोज त्याच जागी का उगवत नाही, तो उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे कुठवर सरकतो, हे सगळं आपोआप शिकावं लागतं.

किंवा इजिप्तमधला खुफूचा पिरॅमिड घ्या. त्याच्या बाजू खऱ्या उत्तरेशी इतक्या जुळतात की चूक एका अंशाच्या पंधराव्या भागाइतकी. होकायंत्र नव्हतं, आणि आजचा आपला ध्रुवतारा तेव्हा ध्रुवाजवळ नव्हता, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक फेरी पुरी व्हायला त्याला सुमारे 26,000 वर्षं लागतात. मग उत्तर सापडली कशी? नक्की कशी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. त्यातली एक पद्धत तुम्ही गच्चीवर करून बघू शकता. उत्तरेकडचा असा एक तारा निवडा की जो उगवतो आणि मावळतो. सपाट कठड्यामागून तो जिथे वर आला तिथे एक खूण, जिथे खाली गेला तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधला कोन बरोबर अर्ध्यात दुमडा. ती रेघ उत्तर. हे गणितच आहे बरं, पण तुम्हाला ते गणित वाटणार नाही.

माझं स्वतःचं असंच झालं. मुलांकडून ज्योतीची परीक्षा, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचा प्रयोग, किती वेळा करून घेतली असेल! तांब्याची हिरवी ज्योत, स्ट्रॉन्शियमची लालभडक, पोटॅशियमची फिकट जांभळी. आणि सोडियमची ती पिवळी, जी जरा कुठे बोट लागलं तरी सगळ्यांवर पसरते आणि पोटॅशियम बघायला निळ्या कोबाल्टच्या काचेतून डोकवावं लागतं. मग एक दिवस ओपनस्टॅक्सचं ‘ॲस्ट्रॉनॉमी’ हे फुकट पाठ्यपुस्तक उघडलं. तीस प्रकरणांचं आहे, मी सरळ वर्णपटाच्या पाचव्या प्रकरणावर गेले. तिथे माझी ती पिवळी रेघ होती, सूर्याच्या प्रकाशात, फक्त काळी झालेली. सूर्याच्या बाहेरच्या थरातलं सोडियम नेमका तोच पिवळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून तिथे अंधार. ऑग्युस्त कोंत या तत्त्वज्ञाने 1835मध्ये लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधी कळणारच नाही. त्यानंतर पंचवीस वर्षंही झाली नाहीत, तोवर किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी ते ओळखायची रीत सांगितली. बुन्सेन म्हणजे आपल्या बर्नरवालाच. तीस वर्षं मी त्याचा बर्नर पेटवत होते आणि त्याने सूर्याचं काय केलं याचा मला पत्ता नव्हता.

म्हणून म्हणते, ओळखीच्या दाराने जा. तत्त्वज्ञानाची आवड असेल तर एडिंबरा विद्यापीठाचा ‘फिलॉसॉफी अँड द सायन्सेस’ आहे. त्याच्या भौतिक विज्ञानांच्या भागात, न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यावर शास्त्रज्ञांनी विश्वास का ठेवावा, यावर छान चर्चा आहे. भूगोल किंवा भूशास्त्र जवळचं असेल तर कोपनहेगन विद्यापीठाचा ‘ओरिजिन्स’ बघा, विश्वाच्या जन्मापासून पृथ्वीवरच्या सजीवांपर्यंत एकच गोष्ट सांगत नेतात.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. कृष्णविवरांचे व्हिडिओ खूप बघतो. बघताना सगळं कळतं, पण दुसऱ्या दिवशी मित्राला सांगायला गेलो की काहीच आठवत नाही. असं का होतं?

कारण बघताना हात रिकामा असतो तुझा. गाणं ऐकून गाता येत नाही, तसंच.

तुझ्यासाठी माझी एकच शिफारस. येल विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांत चार्ल्स बेलिन यांचा ‘फ्रंटियर्स अँड काँट्रोव्हर्सीज इन ॲस्ट्रोफिजिक्स’ आहे. 2007 सालची 24 व्याख्यानं, वर्गात खडूने फळ्यावर लिहिलेली, त्यांचं लेखी रूपही मिळतं. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. तीन भाग : दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, कृष्णविवरं आणि कृष्णऊर्जा. त्यात लागणारं गणित तुझ्या आवाक्यातलं आहे. अट एकच. फळ्यावर उदाहरण पडलं की व्हिडिओ थांबवायचा आणि आधी स्वतः सोडवायचं.

कसं, ते दाखवते. समज, लांबच्या एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातोय. ताऱ्याचा प्रकाश किती कमी होईल? आपल्याच घरचं उदाहरण घे. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश. झाकलं जातं ते क्षेत्रफळ, म्हणून वर्ग कर : शंभरातला एक भाग. म्हणजे गुरूसारखा ग्रह आडवा आला तर तारा एक टक्क्याने मंदावतो. आता पृथ्वी. सूर्याच्या त्रिज्येचा 109वा भाग. वर्ग केलास की जवळपास बारा हजारातला एक. थांब इथे. पुढे वाचू नकोस, स्वतः करून बघ. पृथ्वीसारखे ग्रह शोधायला अवकाशात दुर्बीण का पाठवावी लागली, हे त्या एका आकड्यातून कळतं. हवेतून पाहताना तारा त्याहून कितीतरी जास्त लुकलुकतो.

व्याख्यानं जुनी आहेत म्हणून नाक मुरडू नकोस, मला तर त्यातच मजा आली. केपलर दुर्बीण 2009ला उडाली, गुरुत्वीय लहरी 2015मध्ये सापडल्या, कृष्णविवराच्या सावलीचं पहिलं चित्र 2019ला आलं. म्हणजे प्राध्यापक फळ्यासमोर उभे राहून ‘हे अजून माहीत नाही’ म्हणतात आणि तुला माहीत असतं! दर वेळी वहीच्या समासात लिहून ठेव, पुढे काय झालं ते. हा गृहपाठ मीच मला लावला होता.

एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ॲलन गुथ यांचा ‘द अर्ली युनिव्हर्स’ही आहे. विश्व सुरुवातीला क्षणार्धात प्रचंड फुगलं, ही कल्पना मांडणारे हेच ते गुथ. मोह होईल. पण बारावीचं कलन (कॅल्क्युलस) पक्कं झाल्याशिवाय जाऊ नकोस. मी गेले होते, चौथ्या व्याख्यानात परत आले.

प्रश्न : दिवसभर कोड लिहितो, विदा (डेटा) हाच माझा धंदा. घरी आल्यावर आकाशाचं काही शिकायचं म्हटलं तर पहिल्यापासून भौतिकशास्त्र कोण शिकणार?

शिकू नका. सिडनी विद्यापीठाचा ‘डेटा-ड्रिव्हन ॲस्ट्रॉनॉमी’ तुमच्याचसाठी बनवलाय. पायथन आणि एसक्यूएल वापरून खरे खगोलीय प्रश्न सोडवायचे. पहिल्याच आठवड्यात पल्सारच्या, म्हणजे झपाट्याने गरगरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, मंद प्रतिमा एकावर एक रचून त्यातून संकेत काढायचा असतो. सरासरी घ्यायची की मध्यक? मध्यक चांगला, कारण एखादा भलताच मोठा आकडा मध्ये आला तरी तो हलत नाही. पण त्यासाठी सगळ्या प्रतिमा एकदम स्मृतीत ठेवाव्या लागतात. मग काय करायचं? तुम्हाला आतापर्यंत उत्तर सुचलंही असेल. मला दोन दिवस लागले.

पुढे दोन दुर्बिणींच्या याद्या जुळवायच्या असतात : या यादीतला हा ठिपका त्या यादीतला कुठला? मी सरळ प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना लावली आणि संगणक तसाच सोडून झोपायला गेले. आकाशातल्या जागेनुसार आधी यादी क्रमाने लावली की काम किती झटपट होतं, हे पुढच्या धड्यात कळल्यावर स्वतःचंच हसू आलं. तुमच्यावर ही वेळ येणार नाही. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या 2022च्या यादीत सुमारे 180 कोटी नोंदी आहेत आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. घरी कंटाळा यायचं कारण उरत नाही.

प्रश्न : सगळं इंग्रजीत. शब्दांनाच अडखळते, विषयापर्यंत पोचतच नाही. मराठीतून काही उपाय?

उपाय म्हणजे वही. माझ्या वहीच्या डाव्या पानावर ऐकलेला शब्द, उजव्या पानावर आपला. आपल्याकडे शब्द फार चांगले आहेत, फक्त ते वापरात ठेवले पाहिजेत. पॅरलॅक्स म्हणजे लंबन. स्पेक्ट्रम वर्णपट. गॅलक्सी दीर्घिका, नेब्युला तेजोमेघ, सुपरनोव्हा अतिनवतारा. मोठ्या गोलासमोरून लहान गोल गेला तर ते अधिक्रमण, आणि मोठ्याने लहान्याला पुरतं झाकून टाकलं तर पिधान. ‘अधिक्रमण’ लिहिलं की कोण कुणाच्या पुढून गेलं ते शब्दातच दिसतं. ‘ट्रान्झिट’मध्ये मला ते कधी दिसलं नाही.

तारा किती तेजस्वी, ते सांगणाऱ्या मापाला आपण प्रत म्हणतो. इथे नवशिक्या सगळेच एकदा आपटतात, कारण हे माप उलटं आहे. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत उणे 1.46. उघड्या डोळ्यांना अंधाऱ्या रात्री जेमतेम दिसतो तो साधारण सहाव्या प्रतीचा. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. परीक्षेतल्या पहिल्या-दुसऱ्या नंबरासारखं लक्षात ठेवा, पहिला तो वरचा.

काही शब्द मात्र त्यांचेच चुकलेले आहेत, त्यात तुमची चूक नाही. प्लॅनेटरी नेब्युलाचा ग्रहांशी काडीचा संबंध नाही. विल्यम हर्शेल यांना अठराव्या शतकातल्या दुर्बिणीतून ते ग्रहाच्या चकतीसारखे दिसले आणि नाव चिकटलं. आणि हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी प्रत्येक मूलद्रव्याला हे लोक सरसकट ‘धातू’ म्हणतात. ऑक्सिजन धातू! कार्बन धातू! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी व्हिडिओ बंद करून चक्क उठून गेले. अजून मान्य केलेलं नाही, सहन करते.

बाकी युक्त्या साध्या. व्हिडिओखालची इंग्रजी अक्षरं (सबटायटल्स) चालू ठेवा, वेग थोडा कमी करा. व्याख्यानाचा लेखी मजकूर मिळत असेल तर आदल्या दिवशी वाचून ठेवा. आधी डोळ्यांखालून गेलेला शब्द कान लवकर पकडतो.

प्रश्न : ‘फुकट’ म्हणतात आणि शेवटी पैसे मागतात. प्रमाणपत्र फुकट मिळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. येल आणि एमआयटीच्या खुल्या साहित्यात प्रमाणपत्र हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे कुणी मागतही नाही. कोर्सेरा, एडएक्ससारख्या ठिकाणी किती भाग फुकट आणि किती विकत, हे अभ्यासक्रमागणिक आणि काळागणिक बदलतं. सुरू करण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्न या संकेतस्थळावर मात्र अभ्यास पूर्ण केल्याचं साधं निवेदन फुकट मिळतं.

माझी फजिती सांगते. एकदा उत्साहात पाच अभ्यासक्रमांना एकदम नाव घातलं. एका ठिकाणी फुकट पाहण्याची मुदत होती, ते मी वाचलंच नव्हतं. अर्ध्यावर असताना दार बंद झालं. उरलेल्या चारांपैकी एकही पुरा केला नाही, आणि त्यात दोष फक्त माझा. मग एकच घेतला, बेलिन यांचा. चोवीस व्याख्यानांना मला नऊ महिने लागले. कुणी विचारलंच तर प्रमाणपत्राऐवजी वही दाखवते.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. आकाशाचं वेड आहे, पण बसून व्याख्यान ऐकायचा कंटाळा. दुर्बीण घेऊन द्यावी का?

इतक्यात नको. आधी संगणकावर स्टेलारियम घाला, फुकट आहे. आज रात्री काय दिसणार ते त्यात बघायचं आणि बाहेर जाऊन खरंच दिसतंय का ते तपासायचं. मृग, रोहिणी, व्याध एवढे न चुकता सापडायला लागले की पुढचं. मग झूनिव्हर्स या संकेतस्थळावरच्या ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पात दीर्घिकांचे आकार ओळखायला बसवा. हे खेळणं नाही, त्यातली वर्गवारी खऱ्या संशोधनात वापरतात. 2007 साली हानी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळेतल्या शिक्षिकेला अशीच चित्रं चाळताना एक चमत्कारिक वायूचा ढग दिसला होता, त्याला आज तिचंच नाव आहे. मुलगी थोडी मोठी झाली आणि तुम्हीही सोबत बसणार असाल, तर ओपनलर्नवर ‘ॲस्ट्रॉनॉमी विथ ॲन ऑनलाइन टेलिस्कोप’ आहे. तेनेरिफ बेटावरच्या डोंगरावर बसवलेल्या दुर्बिणीने घरबसल्या निरीक्षण करायला शिकवतात.

पण या सुट्टीत तिला एक काम द्या. बुटांचा रिकामा खोका, एक जुनी सीडी आणि दोन पत्ते. खोक्याच्या एका टोकाला भोक पाडून त्यावर पत्त्यांच्या सरळ कडा जवळजवळ आणून चिकटवायच्या. मधे केसाएवढी फट राहिली पाहिजे. आत दुसऱ्या टोकाला सीडी तिरकी उभी करायची आणि तिच्यावर वरून डोकावता येईल असं एक भोक. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर असतात, त्या प्रकाशाचे रंग वेगळे पाडतात. फट आधी एलईडीच्या दिव्याकडे धरायची : रंगांचा अखंड पट्टा. मग जुन्या पद्धतीच्या नळीच्या दिव्याकडे : सुट्या सुट्या रेघा, त्यातली हिरवी सगळ्यात ठसठशीत. ती पाऱ्याची. नळीत पाऱ्याची वाफ आहे हे नळी न फोडता कळलं.

मग दिवसा. सूर्याकडे खोका धरायचा नाही, डोळा जाईल, हे दोनदा सांगा. सूर्याकडे पाठ करून, उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे फट धरायची. माझ्या पहिल्या दोन खोक्यांत नुसतं इंद्रधनुष्य दिसलं, कारण फट फार रुंद होती. तिसऱ्या खोक्याला पत्त्यांऐवजी दाढीची दोन पाती लावली (तिच्या खोक्याला ती तुम्ही लावा, तिला हात लावू देऊ नका), आणि पिवळ्या रंगाच्या ऐन मधोमध एक बारीक काळी रेघ दिसली. खऱ्या तर त्या दोन आहेत, पण सीडीला त्या वेगळ्या करता येत नाहीत. ती कशाची रेघ ते तिला लगेच सांगू नका. चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकून दाखवा.